किंग काझू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काझुयोशी मिउरा हे नाव आपल्याकडे बहुतेकांनी पहिल्यांदा वाचलं ते एखाद्या छोट्या बातमीत: "पन्नाशी ओलांडलेला फुटबॉलपटू अजून मैदानात". बातमी वाचून लोक कौतुकाने हसतात आणि पुढे जातात. मला ते फार अपुरं वाटतं. वयाचे विक्रम हा या माणसाच्या गोष्टीचा शेवटचा भाग आहे. जपानी लोक त्याच्यावर इतका जीव का टाकतात, हे कळायला १९८२ पासून सुरुवात करावी लागते. फुटबॉलवेड्या मित्रमंडळींनी गेल्या काही वर्षांत मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

काझू म्हणजे नेमका कोण? दोन ओळींत सांगा.

जन्म २६ फेब्रुवारी १९६७, शिझुओका शहर. आक्रमक फळीतला खेळाडू, सुरुवातीला डाव्या बगलेवरचा विंगर आणि पुढे स्ट्रायकर. जपानसाठी ८९ सामन्यांत ५५ गोल. यापेक्षा जास्त गोल जपानच्या पुरुष संघाकडून फक्त कुनिशिगे कामामोतो यांनी केले आहेत. जे-लीगच्या, म्हणजे जपानच्या व्यावसायिक लीगच्या, पहिल्याच मोसमाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू आणि १९९३ चा आशियातला सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू. आणि तरीही फिफाच्या मुख्य विश्वचषकात एकही मिनिट न खेळलेला. या शेवटच्या वाक्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

शिझुओकाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की जसं कोल्हापूर, तसं जपानमध्ये शिझुओका. तिथे फुटबॉल घराघरात. काझूचे काका तिथे जोनाई एफसी नावाचा मुलांचा क्लब चालवत आणि काझू व त्याचा थोरला भाऊ यासुतोशी त्याच मैदानावर वाढले. यासुतोशीही पुढे जपानकडून खेळला.

पंधराव्या वर्षी तो एकटाच ब्राझीलला गेला, हे खरं का?

खरं आहे. शिझुओका गाकुएन या फुटबॉलसाठी नावाजलेल्या शाळेत तो दाखल झाला, पण वर्षभरही टिकला नाही. डिसेंबर १९८२ मध्ये शाळा सोडून तो साओ पाउलोला गेला आणि ज्युव्हेंटस नावाच्या तिथल्या क्लबच्या मुलांच्या संघात सामील झाला. (इटलीतला युव्हेंटस तो वेगळा. हा साओ पाउलोच्या मोका भागातला, इटालियन स्थलांतरितांनी उभा केलेला क्लब.)

त्या काळी जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉल नव्हताच. कंपन्यांचे संघ होते, खेळाडू त्या कंपन्यांचे नोकरदार. आपल्याकडे बँका आणि रेल्वेचे संघ असत, बरंचसं तसंच. त्यामुळे "मी व्यावसायिक फुटबॉलपटू होणार" असं पंधरा वर्षांच्या जपानी मुलाने म्हणणं म्हणजे जे दुकान गावात नाहीच, त्याचं गिऱ्हाईक व्हायला निघण्यासारखं होतं. भाषा येत नव्हती. ब्राझीलमध्ये 'जपानी' हा शब्द मैदानावर टिंगलीचा होता. चेंडू धड न खेळता येणाऱ्याला तिथे जपानी म्हणत.

मधल्या काळात तो खचला होता आणि परत जायचा विचार करत होता. तेव्हा रिओमध्ये त्याने गरीब मुलांना फुटबॉल खेळताना पाहिलं. काहींच्या पायात बूट नव्हते, एकाला तर पायच एक होता, आणि ती मुलं जीव तोडून खेळत होती. मला दोन पाय आहेत, बूट आहेत, मग मी कशाला रडतोय, असं वाटून आपण थांबलो, असं तो स्वतः सांगत आला आहे.

ब्राझीलमध्ये तो खरोखर खेळला, की नुसता सराव करून आला?

खेळला, आणि चांगला खेळला. १९८६ मध्ये सांतोसने त्याच्याशी करार केला. सांतोस म्हणजे पेलेचा क्लब. पण तिथे जम बसायला वेळ लागला आणि मग तो वेगवेगळ्या क्लबांतून फिरला: पाल्मेरास, मात्सुबारा, सीआरबी, शेवटी साओ पाउलो राज्यातला क्विन्झे दे जाऊ. १९८८ मध्ये या क्विन्झे दे जाऊने बलाढ्य कोरिंथियन्सला हरवलं आणि त्या सामन्यात काझूने गोल केला. त्या दिवसानंतर ब्राझीलमधल्या वर्तमानपत्रांना त्याचं नाव माहीत झालं. पुढे कोरितिबाबरोबर १९८९ मध्ये पराना राज्याचं विजेतेपद आणि मग १९९० मध्ये पुन्हा सांतोस, या वेळी पहिल्या संघातला खेळाडू म्हणून.

आठ वर्षांपूर्वी ज्या मुलाला लोक हसत होते, त्याने सांतोसचा शर्ट कमावून घेतला होता. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात अवघड काम.

मग सगळं जमून आलेलं असताना १९९० मध्ये तो परत का आला?

जपानच्या संघाला विश्वचषकात न्यायचं, म्हणून. जपान तोवर एकदाही विश्वचषकाला पात्र ठरलेला नव्हता. काझू जुलै १९९० मध्ये योमिउरी क्लबमध्ये आला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बांगलादेशविरुद्ध राष्ट्रीय संघाकडून पहिला सामना खेळला. १९९२ मध्ये हिरोशिमात झालेल्या आशिया चषकात इराणविरुद्धचा सामना जिंकल्याशिवाय उपांत्य फेरी मिळणार नव्हती. शेवटची काही मिनिटं उरली असताना काझूने उजवीकडून आत घुसत गोल केला. जपानने तो चषक पहिल्यांदाच जिंकला.

१५ मे १९९३ ला टोकियोच्या राष्ट्रीय मैदानावर ५९,६२६ प्रेक्षकांसमोर जे-लीग सुरू झाली. योमिउरीचं नाव आता वर्दी कावासाकी झालं होतं. पहिला सामना ते योकोहामा मरिनोसकडून १-२ हरले, पण १९९३ आणि १९९४ अशी पहिली दोन्ही विजेतेपदं त्यांचीच.

'किंग' ही पदवी त्याला कुणी दिली? आणि तो काझू डान्स काय प्रकार आहे?

पदवी लोकांनी दिली. शिस्तीच्या, मान खाली घालून काम करणाऱ्या कंपनी-फुटबॉलची सवय असलेल्या देशात हा माणूस ब्राझीलची ऐट घेऊन आला होता. चेंडूवरून पाय फिरवत बचावपटूला चकवायचा, त्याला लोक 'काझू फेंट' म्हणू लागले. गोल झाला की कोपऱ्यातल्या झेंड्याकडे धावत जाऊन सांबाच्या ठेक्यावर पाय नाचवायचा, तो 'काझू डान्स'. शाळेच्या मैदानांवर मुलं त्याची नक्कल करत. जे-लीगच्या पहिल्या पुरस्कार समारंभाला तो लालभडक सूट घालून आला होता आणि तो सूट आजही जपानी लोकांच्या लक्षात आहे.

त्याने स्वतःला राजा म्हणून मिरवलं असतं तर लोक कंटाळले असते. त्याच्याबरोबर खेळलेल्यांना आठवतो तो सरावाला सगळ्यांच्या आधी येणारा काझू.

जपानी लोक 'दोहाची शोकांतिका' म्हणतात, ती काय?

२८ ऑक्टोबर १९९३. १९९४ च्या विश्वचषकासाठी आशियाची अंतिम पात्रता फेरी कतारमध्ये दोहाला होती. सहा संघ, त्यातले दोन अमेरिकेला जाणार. तीनच दिवस आधी काझूच्या एकमेव गोलवर जपानने दक्षिण कोरियाला हरवलं होतं आणि जपान गटात अव्वल होता. शेवटचा सामना इराकशी. जिंकलं की पहिला विश्वचषक.

पाचव्या मिनिटाला काझूनेच गोल केला. इराकने बरोबरी केली. मग नाकायामाच्या गोलने जपान २-१ ने पुढे गेला. नव्वद मिनिटं संपली. भरपाई वेळेत इराकला कॉर्नर मिळाला. सगळे थेट क्रॉसची वाट बघत असताना इराकने कॉर्नर आखूड घेतला. अडवायला धावला तो काझू. त्याने पाय लांबवून झेप घेतली, पण क्रॉस त्याला चुकवून गेला आणि इराकच्या उमरानचं हेडर गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात. २-२. गोलफरकावर दक्षिण कोरिया पुढे गेला, जपान घरी. जपानी खेळाडू जागच्या जागी गवतावर बसले. तो सामना दाखवणाऱ्या टीव्ही टोकियो वाहिनीला ४८.१ टक्के प्रेक्षकवर्ग मिळाला होता. मध्यरात्र उलटलेली असताना जवळजवळ निम्मा देश ते बघत होता.

त्या दिवशी मैदानावर हाजिमे मोरियासू नावाचा मिडफिल्डरही होता. २०२२ च्या विश्वचषकात, पुन्हा कतारमध्येच, तो जपानचा प्रशिक्षक होता आणि त्याच्या संघाने जर्मनी आणि स्पेन दोघांनाही हरवलं. काझूच्या वाट्याला अशी परतफेड आली नाही.

इटलीत तो अपयशी ठरला का?

आकड्यांत पाहिलं तर हो: १९९४-९५ च्या मोसमात जेनोआकडून २१ सामने, १ गोल. पण सेरी ए मध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये, खेळलेला तो पहिला जपानी. पहिलाच सामना मिलानविरुद्ध सान सिरोवर, आणि त्यात फ्रांको बारेसीशी टक्कर होऊन नाकाचं हाड मोडलं. काही आठवडे बाहेर. तो एकमेव गोल मात्र आला साम्पदोरियाविरुद्ध, म्हणजे जेनोआ शहराच्या घरच्या लढतीत, आणि तिथले जुने प्रेक्षक तो विसरलेले नाहीत. जपानी प्रायोजक मिळावा म्हणून क्लबने त्याला घेतलं, असं तेव्हा उघड बोललं जाई. छातीवर केनवूड हे जपानी कंपनीचं नाव असल्याने त्या बोलण्याला जोरही मिळे. तरी चार वर्षांनी हिदेतोशी नाकाता पेरुजियाला गेला आणि पहिल्याच सामन्यात युव्हेंटसला दोन गोल मारले, तेव्हा जपानी खेळाडू म्हणजे काय हे इटलीला निदान माहीत होतं.

१९९८ च्या विश्वचषकाला त्याला का नेलं नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि जपानमध्येही यावरचा वाद पूर्ण मिटलेला नाही.

आधी पार्श्वभूमी. १९९६ मध्ये काझू २३ गोल करून जे-लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता. १९९७ च्या पात्रता मोहिमेत त्याने एकूण १४ गोल केले. मकाऊविरुद्ध एकाच सामन्यात सहा, आणि अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात उझबेकिस्तानविरुद्ध चार. त्यानंतर मात्र गोल आटले. दक्षिण कोरियाविरुद्ध माकडहाडाला मार बसला होता, तरी तो खेळत राहिला. संघ बरोबरीत अडकत गेला, मोहिमेच्या मध्यावर प्रशिक्षक काढले गेले आणि साहाय्यक ताकेशी ओकादा यांच्याकडे सूत्रं आली. ऑक्टोबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीशी घरच्या मैदानावर १-१ झाल्यावर चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानाबाहेर खुर्च्या फेकल्या. काझूलाही शिव्या ऐकाव्या लागल्या.

मग १६ नोव्हेंबर १९९७, मलेशियातलं जोहोर बाहरू, इराणविरुद्ध निर्णायक सामना. जपान मागे पडलेला. ६३ व्या मिनिटाला ओकादांनी दोन्ही स्ट्रायकर एकदम बदलले. फलकावर ११ आकडा दिसल्यावर काझूने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवून विचारलं: मी? वाढीव वेळेत ओकानोने सुवर्ण गोल (ज्यावर सामना तिथेच संपतो तो) केला, जपान ३-२ ने जिंकला आणि पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला. काझू तेव्हा राखीव बाकावरून धावत मैदानात आला.

२ जून १९९८. संघ स्वित्झर्लंडमध्ये नियाँला सरावाला होता. पंचवीस जणांतून तिघांना वगळायचं होतं. ओकादांनी पत्रकारांसमोर नावं वाचली. इचिकावा, काझू, किताझावा. 'काझू' म्हटल्यावर ओकादा क्षणभर थांबले आणि पुन्हा म्हणाले, "मिउरा काझू". ऐकणाऱ्यांच्या कानावर विश्वास बसणार नाही, हे त्यांनाही ठाऊक असावं.

ओकादांची बाजू समजण्यासारखी आहे. काझू ३१ वर्षांचा होता, गोल होत नव्हते आणि अर्जेंटिना व क्रोएशियासमोर बचाव करत खेळायचं होतं. फुटबॉलच्या हिशेबात तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. मला पटत नाही ती वेळ. स्पर्धेच्या आठवडाभर आधी, परदेशातून, माणसाला परत पाठवायला नको होतं.

काझू केस सोनेरी रंगवून जपानला परतला. पत्रकार परिषदेत त्याने कुणालाही बोल लावला नाही. जपानचा खेळाडू म्हणून असलेला अभिमान आणि आत्मा आपण तिकडेच ठेवून आलो आहोत, एवढंच तो म्हणाला. जपान फ्रान्समध्ये तिन्ही सामने हरला. ११ नंबरचा शर्ट १८ वर्षांच्या शिंजी ओनोला मिळाला. तो ओनो २०२३ मध्ये निवृत्त झाला. काझू तेव्हाही खेळत होता.

त्यानंतर तो कुठे कुठे खेळला?

क्रोएशियात झाग्रेब, मग क्योतो, मग कोबे. राष्ट्रीय संघाकडून शेवटचं २००० मध्ये. जुलै २००५ मध्ये तो योकोहामा एफसीमध्ये आला आणि हेच त्याचं दुसरं घर झालं. त्याच वर्षअखेरीला सिडनी एफसीकडून थोड्या काळासाठी खेळला आणि त्यांच्याबरोबर फिफाच्या क्लब विश्वचषकातही उतरला. २०१२ मध्ये तर ४५ व्या वर्षी थायलंडला झालेल्या फुटसाल (पाच-पाच जणांचा, बंदिस्त जागेतला फुटबॉल) विश्वचषकात तो जपानकडून खेळला. विश्वचषक हा शब्द त्याच्या नावापुढे लागला तो असा.

योकोहामा एफसीबद्दल एक आठवण. २००७ च्या शेवटच्या दिवशी हा क्लब तळाला होता, खालच्या श्रेणीत जाणं ठरलेलं. समोर उरावा रेड्स, ज्यांना विजेतेपदासाठी जिंकायला हवं होतं. चाळीस वर्षांच्या काझूने बगलेवरून क्रॉस दिला, नेमोतोने गोल केला, १-० निकाल लागला आणि विजेतेपद काशिमाकडे गेलं. स्वतःच्या संघाला काहीच मिळणार नसताना तो असा खेळला, म्हणून मला तो क्रॉस त्याच्या कित्येक गोलांपेक्षा प्रिय आहे.

वयाचे विक्रम नेमके कोणते?

५ मार्च २०१७ ला ५० वर्षं ७ दिवसांचा असताना तो दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळला आणि इंग्लंडचे फुटबॉलपटू सर स्टॅन्ली मॅथ्यूज यांचा १९६५ पासूनचा विक्रम मोडला. मॅथ्यूज ५० वर्षं ५ दिवसांचे असताना शेवटचा लीग सामना खेळले होते. पुढच्याच आठवड्यात, १२ मार्चला, काझूने गुनमाविरुद्ध गोल केला आणि त्या एका गोलवर योकोहामा जिंकली.

२३ सप्टेंबर २०२० ला पहिल्या श्रेणीत, ५३ व्या वर्षी, तो कर्णधार म्हणून उतरला. त्याआधीचा विक्रम ४५ वर्षांच्या नाकायामाचा होता, दोहात त्याच्याबरोबर गोल करणारा तोच नाकायामा. सामना होता कावासाकीच्या तोदोरोकी मैदानावर, जिथे तरुणपणी वर्दीकडून तो नाचला होता.

२०२२ मध्ये तो चौथ्या पातळीवरच्या लीगमध्ये सुझुकाकडून खेळला, जिथे भाऊ यासुतोशी प्रशिक्षक होता. नोव्हेंबरमध्ये पेनल्टीवर गोलही केला, वय ५५. २०२३ मध्ये ५६ व्या वर्षी पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीत ओलिव्हेरेन्सेकडून. २०२४ मध्ये पुन्हा सुझुका, आणि २०२५ मध्ये ५८ व्या वर्षीही तो मैदानात उतरला.

पण ही निव्वळ प्रसिद्धीसाठीची धडपड नाही का?

प्रश्न रास्त आहे आणि टाळू नये. गेल्या काही वर्षांत त्याला बहुतेक वेळा शेवटची काही मिनिटंच मिळतात. पोर्तुगालला तो गेला कारण योकोहामा एफसीच्या मालक समूहाने ओलिव्हेरेन्से क्लब घेतला होता. त्याच्या नावावर तिकिटं खपतात हेही खरं. ऑक्टोबर २०२२ मध्ये चौथ्या पातळीवरचा सुझुकाचा एक सामना टोकियोच्या राष्ट्रीय मैदानावर झाला, तेव्हा १६ हजारांहून जास्त लोक आले. एरवी त्या पातळीवर एखाद हजार जमले तरी खूप. ती जागा एखाद्या विशीतल्या मुलाला मिळाली असती, असं म्हणणाऱ्यांचंही मी ऐकून घेतो.

तरी प्रसिद्धी हवी असलेल्या माणसाला जपानमध्ये टीव्हीवर बसून आयुष्यभर आरामात राहता आलं असतं. हा मात्र दर जानेवारीत गुआमला स्वतःचं सराव शिबिर घेतो, नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर धावतो, आणि बरेचदा अठरा जणांतही नाव येत नाही तरी दुसऱ्या दिवशी सरावाला हजर असतो. दाखवण्यापुरतं हे इतकी वर्षं कुणी करत नाही, असं मला मनापासून वाटतं.

११ नंबरचं काय प्रेम आहे?

त्याचा शर्ट ११. योकोहामा एफसी त्याच्या करार-नूतनीकरणाची घोषणा ११ जानेवारीला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी करत असे. दरवर्षी चाहते घड्याळ लावून बसत.

काझू कधी भारतात खेळला आहे का? जपानी खेळाडू आपल्याकडे आलेत का?

काझूचा भारतातल्या कुठल्याही क्लबशी संबंध आलेला नाही. पण जपानी फुटबॉल आपल्याला अगदी परका नाही. जपानमध्ये जन्मलेला, भारतीय वडिलांचा मुलगा अराता इझुमी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून आणि मग पुणे एफसीकडून खेळला. भारताचं नागरिकत्व घेऊन २०१३ मध्ये तो भारताच्या संघातही आला. बालेवाडीच्या मैदानावर त्याला पाहिलेले पुणेकर अजून भेटतात. कात्सुमी युसाने मोहन बागानबरोबर आय-लीग जिंकली.

एकच व्हिडिओ बघायचा झाला तर कुठला?

२९ मार्च २०११, ओसाकाचं नागाई मैदान. ११ मार्चच्या भूकंप आणि त्सुनामीला जेमतेम अठरा दिवस झाले होते. मदतनिधीसाठी जपानचा राष्ट्रीय संघ विरुद्ध जे-लीगमधले निवडक खेळाडू असा सामना ठेवला होता. काझू ४४ वर्षांचा, जे-लीगच्या बाजूने, बदली म्हणून आलेला. जपान २-० ने पुढे. ८२ व्या मिनिटाला मागून आलेला उंच चेंडू तुलिओने डोक्याने पुढे सरकवला. काझू बचावपटूंच्या मधून सुटला आणि पुढे आलेल्या गोलरक्षकाच्या बाजूने त्याने उजव्या पायाने चेंडू सरकवला. मग तो कडेच्या रेषेपाशी धावत गेला आणि नाचला, १९९३ मध्ये नाचायचा तसाच, सगळ्या पावलांसकट.